बासरीनंतरची शांतता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावालाही नाही. बडनेऱ्याच्या या घरात मी एकटी राहते, दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नाही. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

माझी एक रचना आहे, वाद्यवृंदासाठी. तिच्यात बासरी भुलाबाईच्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या भोंडल्याच्या, गाण्यासारखी एक ओळ वाजवते आणि सगळी वाद्यं थांबतात. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबणं. ही शांतता सुचली कशी, असं सगळेच विचारतात. मी सांगते — आई शेवटच्या आजारात भुलाबाईची गाणी म्हणायची. माझ्या लहानपणी आम्ही दोघी म्हणायचो तशी, एक ओळ तिची, उत्तराची माझी. मी उशाशी बसले होते, पण हुंदका दाटला आणि मला उत्तर देता आलं नाही. ती शांतता तिथली.

लोकांचे डोळे भरतात. माझेही भरतात — याची तर जास्तच लाज वाटते.

मी उशाशी नव्हतेच हो. आई अकोल्याला, भावाकडे. मी तेव्हा पुण्यात, तालमीत. वहिनी फोन करायची, या म्हणायची. मी म्हणायचे, तिकीट मिळत नाही. तिकीट पाहिलं तरी होतं का मी? आजारी माणसाजवळ बसायची मला भीती वाटते, आणि काम छान चाललं होतं. एवढंच.

आई गेल्यावर वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, आई एक ओळ म्हनत, अन् थांबून राहत. तुमची ओळ मी म्हनून पायली. त्याईनं मान हलवली, नाई म्हनून. त्याईले तुमीच पायजे होत्या."

आणि मी काय केलं? तिला आईची ती ओळ गायला लावली. चाल नीट कळेना म्हणून पुन्हा एकदा. ती रडत रडत गात होती आणि मी रेकॉर्ड करत होते.

अमरावतीत रचना वाजली तेव्हा वहिनी मुद्दाम अकोल्याहून आली. पुढच्या रांगेत बसून तिनं, मी माइकवर सांगितलेलं, माझं ते उशाशी बसणं ऐकलं. कार्यक्रमानंतर एका बाईंनी तिला विचारलं, तेव्हा आईंजवळ तुम्हीही होतात का?

वहिनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई," ती म्हणाली, "ताईच होत्या."

मी बाजूलाच उभी होते. ऐकलं — आणि समोरच्या माणसाकडून पुष्पगुच्छ घेतला.