मोरेकाकांचं बोटीचं वेळापत्रक

बातमी सांगायला आलेला कंडक्टर घाईत होता. गाडी बाहेर चालूच होती. एक पाय माझ्या नेट कॅफेच्या पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून त्याने सांगितलं, "ताई, आमचे कंट्रोलर गेले. पोलादपुरात, सकाळी. छातीत कळ आली नि बसल्या जागी..." मी काही विचारायच्या आत तो वळलासुद्धा. "थांबलो असतो, पन गाडी लेट केलेली त्यांना खपायची नाय," म्हणाला आणि गेला. मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. रडू आलं नाही, राग आला. थोडा त्यांचा आणि पुष्कळसा माझा. त्यांचं एक काम माझ्याकडे राहून गेलं होतं, आणि ते झालंय असं मी त्यांना केव्हाच सांगून बसले होते.

मोरेकाका महाड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. घर पोलादपूरला, रोजचं जाणं-येणं. तुडीलची गाडी कुठल्या फलाटाला लागणार आणि पाचाडची का लागली नाही, हे लाउडस्पीकरवरून सांगणारा जो आवाज महाडकरांनी वर्षानुवर्षं ऐकला, तो त्यांचा. गाडी सोडायच्या आधी ते चष्मा कपाळावर सारून रस्त्याकडे एकदा बघायचे, कोणी पिशवी घेऊन धावत येतंय का म्हणून. माझ्याकडे पहिल्यांदा आले ते पुतणीचा बारावीचा निकाल बघायला. शेजारच्या मशीनवर केमिकल कारखान्यातला एक इंजिनियर त्याचा ऑनलाइन गेम खेळत बसला होता. राक्षस, जादूगार, तलवारी असलं सगळं, आणि देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्यात शिरलेली. नेमकी त्या वेळी पडद्यावर एक शिडाची बोट धक्क्याला लागत होती. काका निकाल विसरले. "ही कितीची?" त्यांनी विचारलं. इंजिनियर म्हणाला, वेळ वगैरे काही नसते, ती येते तेव्हा येते. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती बोट सोडली होती. "वेळ नाय म्हंजे काय गो? माणसं खोळंबतात ना तिथं!"

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ते पुन्हा आले, मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं आणि बोटी मोजायला बसले. तीन संध्याकाळी! मला हसू आवरत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी एक कागद आणला, निळ्या शाईत आखलेला, लाल शाईत मथळा, रकाने तीन: निघणे, पोहोचणे, शेरा. बोट दर सात मिनिटांनी यायची, आणि हे संध्याकाळचं सगळं वेळापत्रक त्यांनी भिंतीवर खळीने चिकटवलं. आठवड्यातून एकदा कंपनीवाले तो गेम बंद करून पुन्हा चालू करत. मग बोटीची वेळ सरकायची आणि काका पुन्हा घड्याळ काढून बसायचे. वेळा तेवढ्यासाठीच पेन्सिलीने लिहिलेल्या असत.

पुढे त्यांनी स्वतःचं खातं काढलं. बुटका, दाढीवाला, कुऱ्हाड घेतलेला योद्धा, नाव पोलादपूर. राक्षस मारायचे तेही, कारण त्याशिवाय पुढे सरकता येत नाही, पण जीव सगळा त्या धक्क्यावर. तिथे उभं राहून दोन बोटांनी टाइप करायचे, सगळं मोठ्या अक्षरांत, 'बोट फोर मिनिट. वेट.' कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिथे थांबायची, गप्पा मारायची, त्यांना 'थँक्स पोलादपूर' म्हणायची. ब्राझीलच्या एका बाईला त्यांनी माझ्याकडून आंबोळीची कृती इंग्रजीत लिहून घेऊन पाठवली होती. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर मान टाकायला लागला की मी सगळ्यांना उठवायचे, पण काकांचं मशीन शेवटी बंद करायचे. बोट धक्क्याला लागलेली बघितल्याशिवाय ते उठत नसत.

मग त्या गेमचा नवा भाग आला. एक्स्पान्शन म्हणायचे त्याला. इंजिनियरने पुण्याहून सीडी आणली, आणि त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नवा मुलूख बघून खूशही झाले, हे सांगायला हवं. हवेत तरंगणारी बेटं, जांभळं आभाळ. "आभाळ झक्कास केलंय हां," म्हणाले. पण शहराच्या चौकात एक दगडी कमान उभी केली होती. तिच्यातून पाऊल टाकलं की माणूस थेट नव्या मुलखात. त्यात पुढे सगळ्यांना उडणारी जनावरं मिळाली. पंधरा दिवसांत धक्का ओस पडला. बोट यायची, रिकामी उभी राहायची, रिकामी जायची. त्यात आणखी एक. सहा महिने झिजून मिळवलेली त्यांची ती कुऱ्हाड, आणि नव्या मुलखात पहिल्याच डुकराला मारलं तर तिच्याहून भारी कुऱ्हाड फुकटात हातात! "मंग आमी सहा महिने काय गवत उपटलं?" ते कोणाला विचारत होते कोण जाणे. इंजिनियर तोवर कमानीतून निघून गेला होता.

आठवड्याभराने त्यांनी अकरा पानं माझ्यापुढे ठेवली. आगारातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर, सुवाच्य अक्षरात. 'मा. व्यवस्थापक, गेम कंपनी, यांस. विषय: बोटसेवा निरुपयोगी झाल्याबाबत.' पुढे अर्जात असतात तसे मुद्दे, क्रमांक घालून. नवं आभाळ आवडल्याचं पहिल्याच मुद्द्यात कबूल केलेलं. कमान ठेवायची तर ठेवा, पण ज्याने एकदा तरी बोटीने प्रवास केलाय त्यालाच ती उघडू दे, अशी सूचना. आणि सातव्या पानावर हे: 'आमच्याकडे पाचाडला जाणारा माणूस स्टँडवर अर्धा तास बसतो. त्या अर्ध्या तासात त्याला शेजारच्याचं नाव कळतं, गाव कळतं, कोणाकडे कोण आजारी आहे ते कळतं. गाडीत बसल्यावर तो झोपतो. तुम्ही तो अर्धा तास काढून टाकला आहे. आता सगळे लवकर पोचतात, पण कोणाला कोणी ठाऊक नसतं. तरी याचा विचार व्हावा.'

"इंग्रजीत कर नि तेंच्या त्या चर्चेच्या पानावर टाक," काका म्हणाले. "तुला येतं बरोबर. माझं ते वेट-फिट चालायचं नाय."

मी हो म्हटलं, आणि तिथेच घोळ झाला. अकरा पानं! माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मुलींची परीक्षा तोंडावर, वीज चार-चार तास गुल, आणि माझं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. अर्धं पान केलं आणि ठेवून दिलं. मग एका दुपारी ते येणार म्हणून घाईने चार ओळी खरडून टाकल्या, की बोट परत आणा, कमान चांगली नाही, आपला जुना खेळाडू. खाली कोणीतरी दात काढणारी खूण टाकून लिहिलं, कमान वापर की! कंपनीने अर्थातच ढुंकूनही बघितलं नाही. संध्याकाळी काका दारात उभे. "काय गो वैशाली, काय म्हनाले?" आणि मी, तोंडाला आलं ते बोलून गेले. "पाठवलं सगळं, काका. विचार करतो म्हणालेत."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी पट्टी आणून त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकात चौथा रकाना आखला. 'सुधारित वेळ.' कंपनीचं उत्तर आलं की भरायचा. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तेच. काय म्हनाले? अजून काही नाही, काका. त्यांना वाटायचं, वरच्या ऑफिसात कागद फिरायला वेळ लागतोच, त्यांचा सगळा जन्म त्यात गेलेला. मी खोटं बोलले होते, आणि ते माझ्या खोट्याला सवलत देत होते. याची मला इतकी चीड यायला लागली की शेवटी एकदा त्यांच्यावरच खेकसले, "अहो काका, खेळ आहे तो! किती मागे लागायचं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला. "व्हय... खेळच हाय," म्हणाले आणि पोलादपूरच्या गाडीला निघून गेले. त्यानंतर आठ दिवसांनी तो कंडक्टर पायरीवर उभा होता.

तेराव्यानंतर मी वेळापत्रक भिंतीवरून अलगद सोडवलं आणि पोलादपूरला काकींना द्यायला गेले. मनात ठरवलं होतं, त्यांना सगळं सांगून टाकायचं. काकींनी कागद मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि माझ्या हातात परत दिला. "ह्यो तुझ्याकडंच ऱ्हावू दे. रकाना भरायचा ऱ्हायलाय ना? हे म्हनायचे, वैशालीनं इंग्रजीत लय चांगलं लिवून दिलंय, कंपनी आयकनार. उत्तर आलं की कळव गो मला." आणि मी पुन्हा हो म्हटलं. तेच तोंड, तसंच हो. परतीच्या गाडीत मला माझा इतका संताप आला की शेजारच्या बाईने नाव विचारलं तरी मी धड सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी क्लास सुटला की मी ती पानं घेऊन बसत होते. शब्दकोश उघडा ठेवून, चुका करत. 'सुवाच्य' नाही, पण सगळं लिहिलं. आजारी माणसांसकट तो अर्धा तास लिहिला. गेल्या सोमवारी अकराही पानं चर्चेच्या पानावर टाकली, खाली त्यांचं नाव घातलं: पोलादपूर. वेळापत्रक पुन्हा भिंतीवर आहे. बोटीची वेळ मधल्या काळात तीन मिनिटं सरकली होती. घड्याळ ठेवून बसले, मोजली आणि पेन्सिलीने दुरुस्त केली. चौथ्या रकान्याला हात लावला नाही.

काल दुपारी पोलादपूरची गाडी दुकानासमोर हळू झाली. तोच कंडक्टर खिडकीतून ओरडला, "ताई, काकींनी इचारलंय, काय म्हनाले?"

"सांगा, अजून काही नाही," मी म्हटलं. हेच उत्तर मी काकांना किती वेळा दिलं होतं. खरं ते कालच पहिल्यांदा होतं.