तापीच्या रस्त्यावरचे दोन निंब

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा आमच्या गावापासून तापीच्या घाटापर्यंतचा रस्ता उघडाबोडका होता. मैलभर वाट, पण टेकायला सावली म्हणून कुठे नव्हती. माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, अंगणात आंबे. त्यामुळे धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन त्या रस्त्यानं जाताना मला माहेर फार आठवायचं.

गावात ग्रामपंचायत नवीनच होती. सरपंच माझे चुलत सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत. आदल्या वर्षी पंचायतीनं रस्त्याकडेला निंबाची रोपं लावली होती. ती बकऱ्यांनी खाल्ली. म्हणून त्या आषाढात आबांनी ठराव केला की झाड पंचायतीचं, पण राखायचं एकेका घरानं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं, दोन उन्हाळे पाणी घालायचं. ज्याचं झाड हयगयीनं मरेल त्यानं शेजाऱ्याच्या झाडाला पाणी घालायचं, हीच शिक्षा.

दवंडी झाली आणि आम्ही बायकाही चावडीपाशी जाऊन उभ्या राहिलो. केळीच्या सोपटात मुळं गुंडाळलेली रोपं ओट्यावर मांडली होती. ग्रामसेवक यादी वाचत होते. यादी संपली आणि मागून एक बाई बोलली,

"आमनी वस्तीनं नाव कसं नही, आबा?"

ती गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतली. आमच्या शेतात कापूस वेचायला यायची. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "दिवाळी व्हयनी का तुम्ही ऊस तोडाले निंघी जातस. उन्हाळामा पानी कोन टाकई?"

"रस्तावर आम्ही बी चालतस ना?" ती म्हणाली.

ग्रामसेवक कागदाकडे बघत राहिले. मला काय झालं कोण जाणे, पदराआडून माझ्या तोंडून निघून गेलं, "मी टाकसू."

नवी सून, आणि चावडीवर, सासऱ्यांसमोर! माझे कान तापले. आबांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी क्षणभर मला डोळ्यांनीच दटावलं आणि मग आबांना म्हणाल्या, "बोलनी ना ती. ती टाकई."

त्याच दिवशी ठरावात एक ओळ वाढली. वस्तीतल्या घरांनाही रोपं द्यायची आणि परगावी जाणाऱ्यानं आपलं झाड कुणाच्या हवाली केलं ते पंचायतीला सांगायचं. तिचं रोप माझ्या रोपाशेजारीच लागलं.

दिवाळी झाली तशी ती नवऱ्याबरोबर, पोरांना घेऊन गुजरातकडे गेली. मी रोज घाटावरून परतताना दोन्ही झाडांना एकेक घागर घालायची. आधी तिच्या झाडाला, कारण शब्द दिला होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ती परत आली, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे घेऊन. घरी जायच्या आधी ती झाडाकडेच आली. मी तिथेच होते.

"तुन्हं झाड रुसेल शे भाभी," ती हसत म्हणाली. तिचं कमरेएवढं झालं होतं, माझं गुडघ्यापाशीच अडलं होतं. तिनं माझ्या झाडाच्या बुडाशी माती उकरली, आपल्या सामानातल्या एका मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात चिंधी घातली आणि ते तिथे पुरलं. "यामा पानी भर. ते हळूहळू पेई."

आखाजीला मी माहेरी गेले. झोके, गाणी, मैत्रिणी, सगळं होतं. तेवढे दिवस माझ्या झाडाला तिनं पाणी घातलं. पुढे पावसाळ्यात पाण्याची गरज नव्हती, तरी आम्ही कुंपण नीट करायच्या निमित्तानं तिथे थांबायचो. ती मला डोंगरातल्या रानभाज्या सांगायची, मी तिला घरातलं काहीबाही. सासरी माझ्याशी असं कुणी बोलत नसे. दिवाळी जवळ आली की माझा जीव थोडा थोडा व्हायचा.

तिसऱ्या वर्षी आखाजी आली, वस्तीतली माणसं परतली, ती आली नाही. माहेराहून भाऊ न्यायला आला होता. त्याला मी दोन दिवस थांबवून घेतलं. झाडाचं निमित्त सांगितलं, पण झाडं तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेली होती. शेवटी वस्तीतली एक म्हातारी पाणवठ्यावर भेटली. तिच्याकडून कळलं की त्यांना तिकडेच एका शेतावर बारमाही काम मिळालं, आता ती येणार नाही.

"तिनी सांगेल शे," म्हातारी म्हणाली, "भाभीले सांगजो, आते पानी टाकू नको. झाड आते पानी धुंडी लेई."

मी भावाबरोबर गेले नाही. त्या सबंध उन्हाळ्यात तिच्या झाडाला घागर घालत राहिले. सासूबाई सगळं बघत होत्या, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आबांनंतर दुसरे सरपंच झाले. त्यांनीही ठराव मोडला नाही, उलट शाळेच्या आवारालाही लागू केला. घाटावर जाणाऱ्या बायका निंबांखाली पाट्या उतरवून बसू लागल्या. मीही बसायची. सावली मिळाली होती, बोलायला ती नव्हती.

पुढे एकदा नात्यातल्या लग्नाला आम्ही सुरतेकडे गेलो. बसच्या खिडकीतून उसाचे फड दिसू लागले तशी मी सरसावून बसले. मोळ्या बांधणाऱ्या बायका दिसल्या की प्रत्येकीचं तोंड बघायची. नवऱ्यानं विचारलं, "कोणले देखी ऱ्हायनी?" मी सांगितलं. तो उठला आणि त्यानं मला खिडकीकडची आपली जागा दिली. सुरत येईपर्यंत मी बघत होते.