घशातला ख़

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्ही ना नात्यातले ना गोत्यातले, म्हणून तुम्हाला सांगते — की तुमच्यासमोरही अर्धंच सांगेन? बघू या. गोष्ट एवढीशी आहे. एका अक्षराची.

बुलढाण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षी जर्मनचा वर्ग निघाला. आम्ही सगळ्याच कोऱ्या पाट्या. शेवटी तोंडी परीक्षा, आणि जी पहिली येईल तिला पुढचं शिकायला पुण्याला पाठवणार. जागा एकच. ती मला हवी होती. माझे वडील चिखलीला मराठीचे मास्तर. घरात तोंडातून 'मले-तुले' निघालं की चापट बसायची. शुद्ध उच्चार ही आमच्या घरची इस्टेट. त्यात मी कुणाला पुढं जाऊ देणार होय?

आणि गेली कोण? शाहीन! होस्टेलवरची माझी रूममेट. धामणगाव बढ्याची, उर्दू शाळेत शिकलेली, वडील शिलाईकाम करायचे. जर्मनमध्ये एक आवाज आहे — घशाच्या तळातून घासत येणारा ख़. रात्रीला ते 'नाख़्ट' म्हणतात, आठला 'आख़्ट'. आमची गाडी 'नाक्ट' आणि 'आक्ट'वरच अडलेली. शाहीनच्या तोंडून तो पहिल्याच दिवशी निघाला, काही कष्ट न करता. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. माझा असा जळफळाट झाला ना!

रूमवर आल्यावर तिनं मला तो शिकवला. मी मागितलंही नव्हतं. "अवं, ख़त म्हन. चिठ्ठीवाला ख़त. आता त्याच्यातला त काढून टाक. राह्यला तोच जर्मन ख़. सोप्पं हाये." मला जमलं. दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव 'खाकरी' पाडलं.

हो, मीच. ती बोलायला उठली की मागून कुणीतरी घसा खाकरायचं आणि पोरी फिदीफिदी हसायच्या. शाहीनही हसायची — तिला वाटायचं, लाडानं चिडवतात. तेवढ्यावर थांबले असते तर... पण मजा येत होती. खोटं कशाला बोलू?

परीक्षेआधी वर्ग बंद झाले, तेव्हा मी तिला जवळ बसवलं. चेहरा किती काळजीचा केला होता मी! म्हटलं, मॅडम तोंडावर कौतुक करतात, पण स्टाफरूममध्ये त्या काय म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तुझा घसा उर्दूचा आहे, बाहेरचे परीक्षक पहिले तेच धरतील. तू साधा 'क' म्हण. तिनं एकदाच विचारलं, "मंग मॅडम मले काऊन नाही बोलल्या?" मी म्हटलं, तुझं मन दुखू नये म्हणून. तिचे डोळे भरून आले. मॅडम किती चांगल्या, म्हणाली.

मग सुट्टीभर ती तो ख़ गिळायला शिकली. मी समोर बसून तपासायचे. चुकून निघाला की म्हणायचे, "पुन्हा." आणि न्हाणीघरात, नळ सोडून, मी तोच ख़ घोटायचे.

परीक्षेत ती दर शब्दाला अडखळली. जागा मला मिळाली. निकालाच्या दिवशी मला मिठी मारून काय म्हणाली, ठाऊक आहे? "दोन-तीनदा निंगलाच व माझा ख़. तू तं सांगतलं होतं. तिथंच गेले माझे मार्क." तिनं जर्मन सोडलं, वर्ष संपल्यावर कॉलेजही. मी पुण्याला गेले.

आता मी जर्मन शिकवते. तिकडे नर्स म्हणून जाणाऱ्या पोरी येतात माझ्याकडे. पहिल्या दिवशी सांगते — ख़त म्हणा, त काढून टाका. "मॅडम, किती सोपं करून सांगता!" मी म्हणते, ही माझी युक्ती.

गेल्या महिन्यात माहेरी निघाले होते. बुलढाण्याच्या स्टँडवर शाहीन भेटली. तिनंच ओळखलं, गर्दीतून धावत येऊन हात धरला. सोबत तिची लहान मुलगी. "सलाम कर, ही तुझी खाला," ती म्हणाली. मला मावशीच करून टाकलं. पोरगी खणखणीत बोलली, "सलाम, ख़ाला!" घशाच्या तळातून. अगदी तोच आवाज.

शाहीननं तिचा खांदा हलकेच दाबला. "बाहेर साधं खाला म्हन, बेटा. लोक हसतात." मग माझ्याकडे बघून हसली. "मले या खालानंच शिकवलं ते."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा कुठली परीक्षा नव्हती. कुठली जागा नव्हती. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो बाळा, साधंच बरं."