तीन ठिपक्यांचा गुंडा

चुलतभावाच्या सोलर पंपाची प्लेट मी फोडली, हे खरं आहे. फुटली असं म्हणत नाय, फोडली. मागच्या पौषातली गोष्ट. ज्वारीवर पोपट उतरले होते. मी राखणीच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवली, मातीचा गुंडा सोडला, अन् तो पोपटांच्या डोक्यावरून जायचा सोडून उजव्या हाताला बांधापलीकडं गेला. आधी काच वाजली, मग चुलतभाऊ.

"अरे, पोपट कुठं अन् तू मारतो कुठं?" तो धावत आला. "माझ्या प्लेटीनं तुझी ज्वारी खाल्ली का?"

चाळीस वर्षं मी त्या तुकड्यावर गोफण चालवली. माझ्या नेमाचं गावात नाव होतं. तारेवरच्या कावळ्याच्या शेपटीखालून गुंडा काढीन, असं मी म्हणायचो अन् लोक माना हलवायचे. बायको तेवढी हलवायची नाय. ती म्हणायची, "पाखराला लागू नये म्हणून नेम पायजे. लागायचं काय, आंधळ्याचाबी लागतो."

ती त्याच साली पोळ्याच्या आधी गेली. तिच्यावाचून तो माझा पहिला हंगाम होता.

सिल्लोडकडच्या आमच्या गावात आता सगळे मका अन् कापूस लावतात. ज्वारी लावली की राखण आली, अन् राखणीला उन्हात उभं कोण राहणार? माझा एक एकराचा तुकडा तेवढा ज्वारीचा. तो तिनं हट्टानं ठेवलेला. मक्याची भाकर तिला गोवरीसारखी लागायची. त्यामुळं होतं काय, की पंचक्रोशीतली झाडून सगळी पाखरं माझ्याच पंगतीला येतात.

ती गेल्यावर पोरानं मला संभाजीनगरात पुंडलिकनगरला आपल्या घरी आणलं. दाणा भरायला लागला की मी सकाळच्या एसटीनं शेतात जातो अन् दिवेलागणीच्या आत परत येतो. वर्षातले तेवढेच दिवस मला अंघोळ करून कुठंतरी जायचं असतं. बाकीचे दिवस नुसती अंघोळ.

या साली दिवाळी झाली अन् पोरानं चहा पिता पिता सांगितलं, "आबा, ही शेवटची ज्वारी. पुढल्या साली तिथंबी मका. राखण नको, काचा नको, तुम्हाला एसटीचे धक्के नको."

"माझा नेम अजून शाबूत आहे," मी म्हटलं.

"हे काकाला सांगा."

पोरगं बँकेत आहे. अट घातल्याशिवाय ते कोणाला काय देत नाय, बापालाबी नाय. लई वाद झाला, मग त्यानं अट घातली. बांधावरच्या लिंबाला तेलाचा डबा टांगायचा. माळ्यावरून पाच गुंडे. तीन लागले तर ज्वारीबी राहील अन् राखणबी माझी. नाय तर मका.

मला डब्याचं भ्या नव्हतं. भ्या होतं ते गुंड्यांचं.

गोफणीत साधा दगड घातला तर तो मन मानेल तिकडं जातो. दगड वाकडातिकडा, एक जड, एक हलका. म्हणून मातीचे गुंडे करतात, अन् ते आमच्या घरी बायको करायची. तळ्याचं पाणी मागं हटलं की ती गाळाची माती आणायची. चाळायची, राख घालायची, अंबाडीच्या सालीचा वाख बारीक कातरून घालायची अन् भाकरीच्या पिठासारखी मळायची. मग गोळे वळायचे, सावलीत गोणपाटावर वाळवायचे अन् गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. गोफणबी तिनंच विणलेली, माझ्या काखेपासून बोटापर्यंत माप घेऊन. मी फक्त फेकायचो. नाव माझं व्हायचं.

तिच्या हातचे अकरा गुंडे तुपाच्या जुन्या डब्यात उरले होते. ते मी फेकत नव्हतो. मागच्या साली मी माझ्या हातानं वळले, अन् त्यातल्या एकानं काय केलं ते वर सांगितलंच आहे.

तरी पुन्हा माती आणली. एसटीत गोणी चढवली तर कंडक्टरनं विचारलं, "काय आहे हे?"

"माती."

"कुठं निघाली?"

"संभाजीनगरला."

"का, तिथली संपली?"

घराच्या गच्चीवर मी साठ गुंडे वळून मांडले. सूनबाई कपडे वाळत घालायला आली अन् लांबून म्हणाली, "आबा, लाडू? तुम्ही?" जवळ येऊन बघितलं अन् पिळलेले कपडे तसेच घेऊन खाली गेली.

वाळल्यावर गच्चीतच पत्र्यावर गोवऱ्या रचल्या अन् पेटवल्या. चांगला आर धरला होता. तेवढ्यात शेजारच्या घरातले रिटायर सुभेदार धूर बघून जिना चढून आले अन् काही न विचारता दोन बादल्या पाणी ओतून मोकळे झाले. साठच्या साठ गुंडे तडातडा फुटले.

"आग विझवली," ते छाती काढून म्हणाले.

"माझं वर्ष विझवलं," मी म्हटलं, अन् सगळं सांगितलं.

माणूस भला. त्यानं ते मनाला लावून घेतलं. फौजेत त्यानं नव्या पोरांना रायफल शिकवलेली. माझे फुटके तुकडे हातात घेऊन तो म्हणाला, "आबा, पाच गोळ्या एका जागी पडल्या पाहिजेत. त्याला ग्रुपिंग म्हणतात. तुमची रायफल ठीक आहे, गोळी खराब आहे. आता एका वेळी एकच चीज बदलायची अन् वहीत लिहायची."

"मी चौथी शिकलो."

"लिहीन मी. तुम्ही फेका."

तेव्हापासून दर रविवारी पोराच्या गाडीतून आम्ही शेतात जायला लागलो. आमची गाडी दिसली की चुलतभाऊ विहिरीवरून पळत यायचा अन् नव्या प्लेटीवर गोधडी टाकायचा. टाकून तिथंच बसायचा.

पहिल्या रविवारी नुसत्या मातीचे गुंडे नेले. ते हवेतच फुटले अन् निम्मे माझ्याच टोपीवर आले. सुभेदारांनी लिहिलं. दुसऱ्या रविवारी राख जास्त घातली, तर गुंडे कोंड्यासारखे हलके झाले अन् डब्याच्या अलीकडंच बसले. तिसऱ्या रविवारी वाख घातला. ते फुटले नाय, चांगले लांब गेले, पण एक इकडं तर एक तिकडं.

"हे कसलं ग्रुपिंग?" सुभेदार म्हणाले. "हे तर वऱ्हाड पांगलंय."

"मग आता काय बदलायचं?"

"वजन बघू. वहिनींचे गुंडे किती वजनाचे होते?"

मला काय माहीत? मी कधी बघितलं? मी त्यातला दिसायला सगळ्यात देखणा एक निवडला होता अन् त्याच्यासारखे वळत होतो.

सुभेदार मला गुलमंडीजवळच्या एका सराफाकडं घेऊन गेले. किराणा दुकानाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सराफानं गादीवर लाल कापड पसरलं, काटा पुसला अन् म्हणाला, "दाखवा."

मी पिशवीतून मातीचे अकरा गुंडे काढून त्या लाल कापडावर ठेवले.

तो गुंड्यांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "मोडायचेत का बदलायचेत?"

"तोलायचेत," सुभेदार फौजी आवाजात म्हणाले.

सराफानं एक एक गुंडा सोन्यासारखा उचलून काट्यावर ठेवला. तोलता तोलता तो गुंड्यांच्या तीन ओळी लावू लागला. "बाबा, हे कोणी केलेत? ह्या चारांत गव्हाच्या दाण्याइतका फरक नाय. साडेआठ तोळे. हे चार आठ तोळे. हे तीन सव्वासात. अन् ह्यांच्यावर खूण आहे, बघा. ह्या ओळीवर एक ठिपका, ह्या ओळीवर दोन, ह्या ओळीवर तीन."

ठिपके मी बघितले होते. काडीनं टोचलेले. मला वाटायचं नक्षी आहे. बायकांना सवय असते, भाकरीवरबी बोटं उठवतात. अन् वजन कमी झालं म्हणता, तर आमची म्हातारी मातीतबी काटकसर करायची.

हे मी बोलून दाखवणार होतो, तेवढ्यात मला माझा खांदा आठवला.

चार सालांमागं माळ्यावरून उतरताना मी घसरलो होतो. उजवा खांदा दुखावला. कोणाला सांगितलं नाय. गोफणवाल्याचा खांदा गेला म्हटल्यावर राहिलं काय? तिनं एकदाच विचारलं, "खांदा दुखतो का वं?" मी म्हटलं, "नाय." तिनं परत विचारलं नाय. त्या साली गुंड्यांवर दोन ठिपके आले. पुढल्या साली तीन. मी दर साली माळ्यावरून ओरडायचो, "बघ, नेम तसाच आहे!" अन् ती खालून म्हणायची, "व्हय, तसाच आहे."

मी सराफाला म्हटलं, "पंखा बंद करा. डोळ्यात धूळ जाते."

सराफाच्या दुकानात कुठली धूळ? पण त्यानं उठून पंखा बंद केला.

देखणा म्हणून मी निवडलेला गुंडा एका ठिपक्याचा होता. म्हणजे धडधाकट माणसाचा. दोन हंगाम मी कोणा दुसऱ्याच माणसाच्या गुंड्याची नक्कल करत होतो.

परत येताना रिक्षात मला आणखी एक आठवलं अन् मी कपाळावर हात मारून घेतला. तिचं तेरावं झाल्यावर रिकामपणी मी गोफण साफ केली होती. दोरीला एक गाठ होती. मी म्हटलं, म्हातारीनं गुंता तसाच ठेवला, अन् अख्खी दुपार घालवून दाभणानं ती गाठ सोडवली. लई अभिमान वाटला होता. आता कळलं, तिनं माझ्या खांद्यासाठी दोरी आखूड केली होती.

घरी येऊन दोरी उजेडात धरली. जिथं गाठ होती तिथं वाख चेपून काळा पडला होता. तिथंच पुन्हा गाठ मारली. मग माती मळली. आर या वेळी सुभेदारांनी स्वतः राखला, बादली खाली ठेवून. सूनबाई वर आली, तिनं स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा माझ्यापुढं ठेवला अन् गेली. मी सात तोळ्यांचे गुंडे वळले अन् काडीनं चार ठिपके दिले.

सुभेदारांची वही आडवी आली. "आबा, तीन ठिपक्यांचा गुंडा करा. एका वेळी एकच चीज बदलायची."

"खांदा दोन सालांनी म्हातारा झालाय," मी म्हटलं. "तो तुमची वही वाचत नाय."

परीक्षेच्या रविवारी ज्वारीत दाणा भरला होता. लिंबाला डबा टांगला. पोरगं हाताची घडी घालून उभं, सुभेदार वही घेऊन, अन् चुलतभाऊ गोधडीपाशी. मी माळ्यावर चढलो. खिशात माझे पाच अन् तिचा एक, तीन ठिपक्यांचा. तो फेकायला नव्हता. नुसता सोबत.

पहिला गुंडा डब्याला लागला. असा वाजला की गावातली कुत्री उठली. दुसराबी लागला. सुभेदार ओरडले, "शाब्बास!" पोराची घडी सुटली. अन् इथं मी चुकलो. मी पोराचं तोंड बघायला वळलो. माणसानं जिंकायच्या आधी दुसऱ्याचं तोंड बघू नये. तिसरा गेला लिंबाच्या शेंड्यात. चौथा डब्याखालून. पाचवा सुटला अन् डबा हलला.

"लागला!" सुभेदार म्हणाले.

"वाऱ्यानं हलला," पोरगं म्हणालं.

"वारा कुठाय?"

"आवाज कुठाय?"

आवाज नव्हता, हे खरं. मी खोटं बोललो असतो, पण बापानं पोरासमोर किती खोटं बोलावं?

"आबा, दोन लागले," पोरगं हळूच म्हणालं. "ठरल्याप्रमाणं."

चुलतभावानं संपलं म्हणून गोधडी काढली अन् झटकली.

तेवढ्यात पोपट आले. पन्नास-साठ असतील. डब्याचं भांडण त्यांना काय माहीत? सरळ माझ्या ज्वारीत उतरले अन् कणसं कुरतडायला लागले. माझा हात खिशात गेला. खिशात एकच होता. मी विचार केला नाय. केला असता तर फेकला नसता. गोफण दोनदा फिरली अन् गुंडा सुटला. थव्याच्या वीतभर वरून बांधापलीकडं चुलतभावाच्या मक्यात गेला. सगळे पोपट एकदम उठले, किरकिरत तळ्याकडं गेले. एकाचं पीसबी पडलं नाय.

"डबा ज्वारी खात नाय," मी पोराला म्हटलं. "पोपट खातात."

मी माळ्यावरून उतरून बांधापलीकडं मक्यात शिरलो. पोरगं बुटांसकट मागं आलं.

"आबा, पाखरं उडाली. आता काय शोधता?"

"तुझ्या मायचा गुंडा होता."

ते इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या शेजारच्या ओळीत वाकलं. सुभेदारांनी आम्हाला रांगेत लावलं अन् एक-एक पाऊल पुढं, असं बजावलं. तीन म्हातारे-तरणे गडी मक्यात ढेकळं उलथीत चाललो.

गुंडा चुलतभावाला सापडला. तो प्लेटीच्या पायाशी उभा राहून बोंबलत होता, "वीतभर! वीतभर राहिली काच!"

मी त्याच्या हातातून गुंडा घेतला. माती पुसली. तीन ठिपके, कुठं टवका नाय.

"मग?" मी म्हटलं. "लागू नये म्हणूनच नेम पायजे."

मायचं हे वाक्य पोरगं पाळण्यात असल्यापासून ऐकत आलं आहे. त्यानं माळ्यापासून प्लेटीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं, बँकेतली बेरीज तपासावी तसं. मग म्हणालं, "माळा त्या टोकाला हलवा. काकाकडं पाठ करून उभं राहायचं."

"अन् मका?"

"काकाचा आहेच की एवढा. आपल्याला कशाला?"

चुलतभावानं ते ऐकलं अन् गोधडी परत प्लेटीवर घातली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक दगड मला दाखवून म्हणाला, "काढणी होईपर्यंत हिला हात लावणार नाय. पाणी बैलानं ओढीन."

त्याच्याकडं बैल नाय. पण मी गुंडा खिशात टाकला. माझं काम झालं होतं, अन् खांदा लई दुखत होता.