सरखोत मौलानांचे दोन चंद्र

नया नगरात येऊन कुणी मौलाना अब्दुस्समद सरखोत यांचं घर विचारलं, की समोरचा आधी उलट विचारायचा, "कौनसे? वो तीसवाले?"

मौलानांना हे ठाऊक होतं. दोन मदरशांच्या सनदा, शरीअतवरची पाच पुस्तकं, उभा जन्म वाचनात गेलेला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो एक आकडा. रमजानचे रोजे कधी एकोणतीस होतात, कधी तीस. ते चंद्र दिसण्यावर ठरतं. हे ठरवणाऱ्या नया नगरच्या कमिटीत मौलाना फार वर्षं होते आणि जरा शंका आली की ते तीसच करायला लावत. एकोणतिसाव्या संध्याकाळी शेवया भाजायला घेतलेल्या बायकांच्या शिव्या या शहरात सर्वांत जास्त कुणी खाल्ल्या असतील तर आपणच, असं ते स्वतःच सांगत. वर म्हणत, "रोज्यात तेवढंच खायला परवानगी आहे."

ते मूळचे श्रीवर्धनकडचे. घरात कोकणी, शाळेत मराठी, मदरशात अरबी आणि उर्दू. चार भाषा आल्या आणि चारही भाषांत माणसं दुखावता आली, हा त्यांचा स्वतःविषयीचा हिशोब. वडील बोटीवर बावर्ची होते. मुलाने आखातात जावं, घर बांधावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा उत्तरेत धर्म शिकायला गेला आणि मीरा रोडच्या नया नगरात इमाम म्हणून आला तेव्हा इमारतींच्या पायथ्याशी अजून मिठागरं होती. भरतीला खारट वास थेट मशिदीत यायचा. त्या वासात त्यांना आपण एकटे आहोत असं वाटायचं आणि ते बरंही वाटायचं. माणसांमध्ये त्यांचं फारसं जमत नव्हतं, आणि काम मिळालं होतं ते माणसांचंच.

पहिला वाद त्यांनी मराठीत केला. एका शुक्रवारी नमाजाआधीचं बयान त्यांनी मराठीतून दिलं. पुढच्या सफेत, अगदी पहिल्या रांगेत, कोकणातले चाकरमानी बसले होते, त्यांना कळावं एवढाच हेतू. मागचे उत्तरेकडचे नमाजी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन दिवसांनी एक स्थानिक पुढारी शाल-श्रीफळ घेऊन आला, फोटो निघाला, छापून आला. हातात नारळ घेतलेला मौलाना बघून उरलेली अर्धी जमातही बिथरली. नारळाची घरी चटणी झाली. वाद वर्षभर पुरला.

दुसरा वाद पुस्तकाचा. माणसांचे फोटो काढणं कसं गैर आहे यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. प्रकाशकाने मोठ्या प्रेमाने मागच्या पानावर लेखकाचा रंगीत फोटो छापला. पुस्तिका हातोहात खपली. आत काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही; जो तो ती पालथी धरून बघत होता.

तिसरा वाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घोडबंदरहून एक म्हातारा चंद्र पाहिल्याची साक्ष द्यायला आला होता. मौलानांनी त्याला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ वाचायला सांगितलं. त्याला ते वाचता येईना. साक्ष फेटाळली गेली. काहींनी मौलानांचं ऐकलं, काहींनी म्हाताऱ्याचं, आणि नया नगरात लागोपाठ दोन दिवस ईद झाली. मौलानांच्या इमारतीत खाली रोजा आणि वर ईदचा शीरखुर्मा. वर राहत होता त्यांचा सख्खा मेहुणा. त्यानंतर त्यांनी चंद्राच्या साक्षीचे नियम सांगणारं जाड पुस्तक लिहिलं: साक्षीदार मुसलमान हवा, सचोटीचा हवा, नजर शाबूत हवी, स्वतः पाहिलेलं हवं, आणि ईदसाठी असे दोघे हवेत; कमिटीवर बसणाऱ्याचीही नजर शाबूत हवी. कमिटी त्याच पुस्तकावर चालू लागली.

आता इमामत संपली होती. शिकवणं तरुण मुफ्ती हुजैफांकडे गेलं होतं. आझमगडचे, हुशार, बोलायला मऊ. मौलानांच्या प्रत्येक पुस्तकाला त्यांनी एकेक खंडन लिहिलं होतं. मौलानांकडे उरली होती ती कमिटीतली प्लास्टिकची खुर्ची. वर्षातून दोन-चार संध्याकाळी त्या खुर्चीवर बसलं की शहर आपल्या तोंडाकडे बघतंय असं वाटायचं. या वाटण्याची त्यांना लाज वाटत होती. पण खुर्ची सोडवत नव्हती.

आणि डोळे गेले होते. हिवाळ्यात अक्षरांना साय आली. मग चौकातल्या दिव्याशेजारी तसाच दुसरा दिवा लागला. बायको, खैरुन्निसा, म्हणाली, "मोतीबिंदू आहे. डॉक्टरकडे चला." मौलाना म्हणाले, "अभ्यासाचा ताण आहे." ती म्हणाली, "अभ्यास करताय कधी? पुस्तक तर उलटं धरलंय." पुस्तक खरोखरच उलटं होतं. त्यांना सगळं पाठ असल्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरकडे गेलं की गावभर होईल आणि नजर शाबूत नसलेल्याला कमिटीत जागा नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलेलं.

त्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला अवकाळी ढग आले. मुंबईभर आकाश मळक्या चादरीसारखं. समुद्रावर कदाचित फट मिळेल म्हणून मौलाना उत्तनला निघाले. गाडी आत्मारामची. आत्माराम गिरगावातून येऊन शांतीनगरात राहिलेला निवृत्त कारकून. स्टेशनजवळच्या स्टॉलवर एकच मराठी पेपर रोज उरायचा आणि त्यावरून भांडताना दोघांची ओळख झाली होती.

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपलीकडे दोघे उभे राहिले. सूर्य बुडाला. मौलानांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले. आत्मारामने थर्मासमधला चहा पुढे केला. ढगांना खाली एक चीर गेली.

"अहो, तो काय!" आत्माराम ओरडला. "नखाएवढा! त्या काळ्या ढगाच्या वर, जरा डावीकडे!"

मौलानांनी पाहिलं. डावीकडे दोन होते. एक वर, एक खाली तिरका, दोघांनाही लोकरीसारखी कड. उजवीकडेही दोन होते. ते बोटीच्या डोलकाठीवरचे दिवे असावेत. किंवा नसावेत. चीर मिटली.

"दिसला ना?"

मौलानांचं डोकं कामाला लागलं होतं. ज्याने दोन पाहिले त्याने एक पाहिलाच. दोनात एक येतोच. याला अरबीत एक सुंदर नियम होता. तो आठवून ते खूश झाले आणि लगेच स्वतःची किळस आली. इतका अभ्यास केला तो खोटं बोलायची व्यवस्थित वाट सापडावी म्हणून, असं दिसत होतं.

परतताना फोन वाजला. मुफ्ती हुजैफा. "हज़रत, पेणकर साहब ने छत से देखा है, उनकी गवाही हो गई. एक और चाहिए. मुंबई की कमिटीवाले भी बार-बार पूछ रहे हैं. आपने देखा?"

"आ रहा हूँ," मौलाना म्हणाले आणि फोन ठेवला.

आत्माराम गाडी चालवता चालवता म्हणाला, "मी देतो साक्ष. म्हणाल तिथे सही करतो."

"तुमची चालत नाही."

"का? हिंदूचा डोळा फुटका असतो?"

"ईदसाठी मुसलमान साक्षीदार लागतो. फुटका तर माझा आहे." मौलानांनी पहिल्यांदाच हे कुणाला तरी सांगितलं. "मला दोन दिसतात, आत्मारामभाऊ. सगळंच दोन."

आत्मारामने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "बरं. आमच्यात सोपं आहे. संकष्टीला चंद्रोदय कॅलेंडरात छापून येतो, वर बघतंय कोण? पण मी काय म्हणतो, चंद्र आहे ना? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मग 'पाहिला' म्हणा आणि मोकळे व्हा. खोटं काय त्यात?"

"चंद्र आहे हे खरं. मी पाहिला हे खोटं."

"अहो, लोकांची ईद होईल! तुमचीही खुर्ची राहील!"

"तेच तर. माझी खुर्ची राहणार असेल तर मला माझ्या बोलण्यावर भरवसा नाही."

नया नगरात गाडी मुंगीच्या पावलांनी चालली. बांगड्यांच्या गाड्या, मेंदीवाल्या, अत्तराची दुकानं, दिव्यांच्या माळा. मौलानांना ते सगळं दुप्पट दिसत होतं. इतकी भरभराट त्यांनी नया नगरात आजवर पाहिली नव्हती. एका बाईने काचेवर टकटक केलं. "हज़रत, आज तो बोल दो! बच्चे नये कपड़े पहन के बैठे हैं!" मागून कुणी तरुण ओरडला, "अरे छोड़, तीसवाले हैं!" हशा झाला. मौलानांनी हसून हात हलवला. हात कोणत्या दिशेला हलवला ते त्यांना नीट कळलं नाही.

कमिटी मशिदीच्या वरच्या खोलीत बसली होती. पेणकर, औषधाच्या दुकानाचे मालक, भिंतीला टेकून बसले होते. आपण एकटेच पडतो की काय ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती. मुफ्ती हुजैफांनी उठून मौलानांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि पुस्तकात लिहिला होता तोच प्रश्न विचारला.

"हज़रत, आपने चाँद अपनी आँख से देखा?"

"दो देखे."

खोलीत हसू फुटलं. मौलाना थट्टा करतात हे सगळ्यांना माहीत होतं.

"मज़ाक नहीं कर रहा. मोतिया है. मुफ्तीसाहब, इस वक़्त आप भी दो दिख रहे हैं, और मेरे लिए एक ही बहुत थे."

या वेळी कुणी हसलं नाही. हुजैफांनी हळूच विचारलं, "कब से?"

"सर्दियों से. छुपाया. कुर्सी के लिए."

पेणकर मराठीत कळवळून म्हणाले, "मौलाना, मी खरंच पाहिलाय हो. माझ्या साक्षीचं काय?"

"तुमची साक्ष खरी आहे. पण एकटी आहे. मी तिला जोड दिली तर दोन साक्षी होतील, माणूस एकच राहील."

एका सदस्याने सुचवलं, हज़रतांना आपण नेहमीच मानत आलोय, अंदाजाने घ्यावं. बाहेर बाजार भरलाय. हुजैफांनी मान हलवली. "नहीं. हज़रत की किताब में साफ़ लिखा है, नज़र सही होनी चाहिए. किताब दुरुस्त है." हुजैफांनी मौलानांच्या पुस्तकाचा हवाला सहमतीने दिला, असा हा आयुष्यातला एकमेव प्रसंग. आणि तो मौलानांना बाहेर काढण्यासाठी होता. मौलानांना आतून हसू आलं. जन्मभर ज्या कौतुकाची वाट पाहिली ते आलं, तर असं.

मुंबईच्या कमिटीला कळवलं गेलं. तिकडूनही कुठून साक्ष आली नव्हती. तीस.

माइककडे जायला कुणी उठेना. जो सांगेल त्याच्या नावाने शिव्या पडणार. मौलाना म्हणाले, "लाओ इधर. मुझे आदत है." हुजैफांनी माइक त्यांच्या हातात दिला, तोंडाच्या बाजूने. मौलानांनी सांगितलं की चंद्राची साक्ष पुरी झाली नाही, उद्या तिसावा रोजा. खाली बाजारातून मोठा सुस्कारा वर आला, हजार तोंडांचा, आणि त्यातून एक शिवी स्पष्ट ऐकू आली. माइक अजून चालू होता. मौलाना म्हणाले, "वालेकुम अस्सलाम." मग खुर्ची हाताने चाचपून भिंतीकडे सरकवली आणि जिना उतरले. त्यांच्या कोपराखाली हुजैफांचा हात होता.

सकाळपर्यंत नया नगरात तीन मतं तयार होणार होती, हे त्यांना माहीत होतं. एक, मौलानांनी चंद्र पाहिला आणि लपवला. दोन, मुफ्तींनी त्यांना आंधळं ठरवून काढलं. तीन, हिंदू ड्रायव्हरने फूस लावली. खरं काय झालं हे कुणाच्या मतात नसेल. आपल्या आयुष्यातला हा पहिलाच वाद असा, की आपण काहीही केलं नाही आणि तो झाला, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ते दुरुस्त केलं. हिवाळाभर लपवलं होतं की.

दार खैरुन्निसाने उघडलं. स्वयंपाकघरात शेगडीवर मोठ्या पातेल्यात शीरखुर्म्याचं दूध आटत होतं. शेजारी भिजवलेल्या खारका, चारोळी, तुपात परतलेल्या शेवया.

"हे काय?" मौलाना म्हणाले. "चंद्राचा पत्ता नव्हता आणि तू दूध चढवलंस?"

"तुम्ही स्वतः बघायला गेलात. म्हटलं, चंद्राची काय बिशाद न दिसायची." तिने गॅस बंद केला. "माइकवर ऐकलं मी. वरची भाभी विचारून गेली, काय झालं म्हणून."

"मी सांगितलं त्यांना. डोळ्यांचं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिने डावाने दुधावरची साय बाजूला केली. "आणि खुर्ची?"

"गेली."

"बरं झालं. घरात बसलात तर निदान पुस्तक सुलटं धरायला मी आहे." तिने सांडशीने पातेलं उतरवून फरशीवर ठेवलं. "ईद झाली की डॉक्टर. नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणत नाही. पण एवढ्या दुधाचं आता काय करणार?"

"कोमट होऊ द्या, विरजण लावते," ती म्हणाली. "पहाटे सहरीला दही खा आणि झोपा."