गोड कळतं, आंबट कळतं

स्मूदीकाकूंच्या घरी पहिला घोट घेतला की लगेच दुसरा घेता यायचा नाही. त्या समोर उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि आपल्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मग विचारायच्या, "आधी काय आलं? आंबा की अननस?" आपण घाईत "छान झालीय" म्हटलं तर त्यांना ते अजिबात चालत नसे. "छान हे उत्तर नाही. आधी काय आलं ते सांग." सांगितल्यावरच पेला आपला.

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या इमारतीत मी लग्न होऊन आले तेव्हा त्या फक्त खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी होते, मुलगा निखिल नोकरीसाठी हैदराबादला गेलेला. स्मूदी हा शब्द निखिलनेच त्यांना फोनवरून शिकवला. तोपर्यंत त्या त्याला 'घट्ट सरबत' म्हणत. पुढे सोसायटीतल्या मुलांनी त्यांना स्मूदीकाकू म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. त्यांना ते आवडलं होतं. इंटरकॉमवर स्वतःच म्हणायच्या, "स्मूदीकाकू बोलतेय, खाली ये."

त्यांचे नियम पक्के होते. अननसाच्या फोडी आणि केळ्याचे काप आदल्या दिवशी डब्यात भरून फ्रीजरमध्ये. आंबा मात्र ताजा, आयत्या वेळी कापलेला. नारळाचं दूध घरी काढलेलं, पंच्यातून पिळून. चवीला मिठाची कणी. बर्फ घालायचा नाही. "फळ गार असावं, बर्फ नको. बर्फ म्हणजे पाणी पाजणं." आणि एका वेळी तीनच फळं. मी एकदा उत्साहाने पपई घेऊन गेले तर त्यांनी ती बाजूला ठेवली. "तिघं गुण्यागोविंदाने राहतात गं. चौथा आला की भांडण."

या सगळ्याची सुरुवात काकांच्या आजारपणात झाली. त्यांच्या घशाचं दुखणं वाढत गेलं आणि पोळीभाजी, मग खिचडी, मग पेजसुद्धा गिळता येईना. पातळ पाणी ठसका लावायचं, घट्ट अडकायचं. काकूंनी मधलं काहीतरी शोधत शोधत आंबा, केळं आणि नारळाचं दूध एकत्र फिरवलं आणि ते उतरलं. काकांचा आवाजही गेला होता. कसं झालंय हे ते सांगू शकत नव्हते, म्हणून काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. भुवई जरा उचलली की आंबट जास्त झालं. डोळे मिटले की बरोबर. शेवटचे काही महिने काका त्यावरच जगले. ते गेल्यावर पहिल्याच रविवारी इंटरकॉम वाजला. "फ्रीजरमध्ये अननस आहे. एकटीने कशाला पिऊ? या सगळे."

तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांचं दार नुसतं लोटलेलं असायचं. आम्ही बायका जायचो, माझा नवरा मंदार पेपर घेऊन जायचा, काकूंच्या शेजारच्या फ्लॅटमधले लालवानी अंकल नातीला घेऊन यायचे. अंकलना साखरेचा त्रास, म्हणून त्यांच्यासाठी आंबा कमी, नारळ जास्त असा वेगळा पेला. ते दर वेळी म्हणायचे, "भाभी, थोडा तो मीठा डालो." काकू दर वेळी म्हणायच्या, "डॉक्टर को पूछके आओ, फिर डालती हूं."

मग एका दिवाळीनंतर काकूंना सर्दी फार व्हायला लागली. म्हणजे त्या तसं म्हणायच्या. पूर्वी उल्हासनगरच्या बाजारात त्या प्रत्येक आंबा देठाशी हुंगून घ्यायच्या, फळवाला कंटाळून जायचा. आता फळ माझ्या हातात द्यायच्या. एकदा आम्ही दोघी बदलापूरला फणस आणायला गेलो. बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यातली एक बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. तिने कापलेल्या बरक्या फणसाचा तुकडा पुढे केला. "हुंगून तं बघ आये, सगला रस्ता घमघमतोय." काकूंनी तो तुकडा माझ्याकडे वळवला. "तू बघ गं. माझं नाक आज बंद आहे." मी हुंगला, घेतला, आम्ही रिक्षात बसलो. घरी पोचेपर्यंत रिक्षा त्या वासाने इतकी भरली की रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं. मी हसत होते. काकू फणस मांडीवर घेऊन समोर बघत बसल्या होत्या.

जेवणात त्या अचानक मीठ जास्त टाकायला लागल्या. मला वाटलं, एकटं माणूस, वय झालं.

तो मेमधला रविवार होता. आदल्या संध्याकाळी कारखान्यांकडून उग्र वास आला होता. आमच्याकडे तसा वास येतो अधूनमधून. मग सगळे खिडक्या लावून घेतात आणि सकाळी उघडतात. मी नेहमीपेक्षा जरा लवकर खाली गेले. मंदार आंघोळीला गेला होता. काकूंचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच नाकावर हात धरला.

सगळं घर गॅसने भरलं होतं. थोडासा वास नव्हे, डोळ्यांना झोंबेल इतका. समोर स्वयंपाकघरात काकू ओट्याशी उभ्या होत्या. गाऊनवर पंचा खोचलेला, कोपरापर्यंत आंब्याचा रस. मिक्सरचं भांडं भरून बसवलं होतं, झाकणावर डावा हात दाबलेला, आणि उजवा हात बटणाकडे चालला होता. तोंडाने त्या कसलंसं भजन गुणगुणत होत्या.

माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. पण तो मोठा नव्हता. मी म्हटलं, "काकू, बटण दाबू नका."

त्या वळल्या. "आलीस? थांब, एवढं फिरवते."

"हात काढा काकू. कशालाही हात लावू नका."

त्यांनी हात काढला. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण त्यांनी विचारलं नाही. मी आत गेले. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. दूध उतू जाऊन बर्नरभर पसरलं होतं, ज्योत विझली होती आणि गॅस तसाच चालू होता. मी शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. मग काकूंचं मनगट धरून त्यांना बाहेर जिन्यात आणलं.

"झालं काय?" त्या म्हणाल्या.

"गॅस, काकू."

"कुठे?"

तो 'कुठे' मी ऐकला. मी जिन्याच्या पायरीवर बसले. ज्या घरात मला श्वास घेता येत नव्हता, त्या घरातून बाहेर आलेली बाई मला विचारत होती, गॅस कुठे? त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. नेहमी बघायच्या तसं, टक लावून. आणि त्यांना कळलं. त्यांच्या तोंडावरचा रंग माझ्यासमोर उतरला.

त्या शेजारी बसल्या. आंब्याचे हात मांडीवर उताणे ठेवले.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडले होते. डोक्याला मागून लागलं. टेंगूळ आलं, गेलं. म्हटलं वाचले. मग एक दिवस अगरबत्ती लावली आणि वाटलं, ही भिजलीय की काय. नवीन पुडा फोडला. तीही तशीच."

"डॉक्टरकडे?"

"गेले होते ना, कल्याणला. एकटीच. ते म्हणाले, आतली नस दुखावलीय. परत येईलही, नाहीही."

"आणि चव?"

"गोड कळतं, आंबट कळतं. खारट, कडू कळतं." त्यांनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. "आंबा कळत नाही. आंबा म्हणजे नुसता गोड चिखल."

आंब्याचा मोसम लागल्यापासून दर रविवारी या बाईने आम्हाला आंबा पाजला होता. आधी काय आलं, आंबा की अननस, हे ती आम्हाला विचारत होती, कारण तिला स्वतःला ते समजायचा दुसरा मार्ग उरला नव्हता. आमच्या तोंडाकडे बघून ती मिठाची कणी कमीजास्त करत होती आणि एकदाही चुकली नव्हती. मग मला दुसरंच सुचलं. "पण काल खिडक्या तुम्ही का लावल्यात? कारखान्याचा वास..."

"समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या लागलेल्या दिसल्या. म्हटलं, येत असेल वास. आपली उघडी दिसली तर कोणी विचारेल."

ते सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

"निखिलला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की तो पहिल्या गाडीने येईल आणि मला उचलून नेईल. मला इथून जायचं नाहीये गं. ह्यांच्यासोबत मी या घरात..." मग म्हणाल्या, "परवा नासलेलं दूध प्यायले. पोट बिघडलं तेव्हा कळलं."

वरून मंदारच्या उतरण्याचा आवाज आला. लालवानी अंकलचं दार उघडलं, त्यांची नात दोन वेण्या उडवत बाहेर आली आणि म्हणाली, "आँटी, स्मूदी रेडी?" काकूंनी त्या मुलीकडे पाहिलं. तिचं घर आणि काकूंचं स्वयंपाकघर यांत एकच भिंत होती. मला वाटतं, त्या क्षणी त्यांचं काय ते ठरलं.

मी त्यांना वर आमच्या घरी नेलं. त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं आणि मंदारला म्हणाल्या, "सगळ्यांना इथेच बोलाव." त्यांनी आमच्या मिक्सरवर स्मूदी केली. फळं मी खालून आणली. त्यांचं माप बरोबर पडत होतं. सगळ्यांच्या हातात पेले गेल्यावर त्या मधोमध उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी कोणालाही आधी काय आलं ते विचारलं नाही.

"मला नाकाने वास येत नाही. बरेच महिने झाले," त्या म्हणाल्या. "मी ते लपवलं. आज सकाळी माझ्या घरात गॅस भरला होता आणि मी मिक्सर चालू करणार होते. स्नेहा आली नसती तर तुमच्यातलं कोणी इथे उभं नसतं."

लालवानी अंकलनी पेला टीपॉयवर ठेवला आणि नातीला जवळ ओढलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "भाभी, एक बार बोलना तो था," ते म्हणाले. "मेरी बच्ची बाजू में सोती है. बोलते तो सही." आणि ते नातीला घेऊन निघून गेले. काकूंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांचा अर्धा पेला काकूंनीच उचलून धुतला.

संध्याकाळी त्यांनी निखिलला स्वतः फोन केला. मी शेजारी बसले होते. त्यांनी काही गाळलं नाही, पडल्याचंही सांगितलं.

निखिल दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो बूटसुद्धा न काढता आत गेला आणि बाथरूमच्या दारात उभा राहून त्या ओल्या फरशीकडे बघत राहिला. आई कधी पडली, किती वेळ पडून होती, कशी उठली, हे त्याने तिथेच उभं राहून विचारलं. काकू स्वयंपाकघरातून उत्तरं देत होत्या, आवाज अगदी साधा. "उठले रे हळूहळू. बादलीला धरून."

काकूंनी त्याच्याबरोबर हैदराबादला जायचं ठरवलं. आम्ही विजेवरची शेगडी आणायला तयार होतो. मंदार तर दुकानात जाऊन बघूनही आला. लालवानी अंकल आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "भाभी, मैं गुस्से में बोल गया. मत जाओ. हम सब मिलके देख लेंगे." काकू हसल्या. त्यांना म्हणाल्या, "तुम्हारा गुस्सा बराबर था." मग माझ्याकडे वळल्या. "शेगडी बदलेल गं. पण मला आता माझ्याच हाताची भीती वाटते. मी बटणाकडे हात नेला होता, गाणं म्हणत." मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. काकांच्या आजारपणातही पाहिलं नव्हतं.

जायच्या आधी त्यांनी फ्रीजर रिकामा केला. अननसाचे डबे मला दिले, नारळ पिळायचा पंचा धुऊन, घडी घालून दिला. घर विकायचं नाही, एवढीच अट त्यांनी निखिलला घातली आणि त्याने ती मान्य केली. खाली गाडीत बसताना त्यांनी इमारतीकडे मान वर करून पाहिलं नाही. माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "तीनच फळं." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. रविवार नव्हता, तरी ऑफिसला कोणीच गेलं नव्हतं.

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं व्हायचं. सूनबाई चांगली आहे, हवा कोरडी आहे, आंबे कसे आहेत माहीत नाही, असं. वासाबद्दल मी विचारत नसे, त्या सांगत नसत.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. त्या धापा टाकत होत्या. मला वाटलं, त्या पुन्हा पडल्या.

"स्नेहा, फिनेल," त्या म्हणाल्या.

"काय झालं काकू?"

"कामवाल्या बाईने बाथरूम धुतलं. मी दारावरून जात होते. वास आला. फिनेलचा. बारीकसा, लांबून आल्यासारखा, पण आला. मी आत जाऊन उभीच राहिले, सूनबाई हाका मारतेय, मी बाहेर येईना."

त्या रडत होत्या. मीही ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडत होते, येणारेजाणारे बघत होते.

"आणि आंबा?" मी विचारलं.

"आंबा कुठला आता, डिसेंबर आहे. केळं हुंगलं, काही नाही. संत्रं हुंगलं, काही नाही. नुसतं फिनेल." मग त्यांचा आवाज खाली आला. "की मला भास झाला गं? थांब, परत जाऊन बघते."

त्यांनी फोन तसाच कुठेतरी ठेवला. त्यांची पावलं लांब गेली, कडी वाजली, दार उघडल्याचा आवाज आला. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले.