निवळीतली तेरा अंडी

चिनी मातीची मोठी बरणी, तिच्यात काठोकाठ चुन्याची निवळी, आणि निवळीच्या तळाशी एकावर एक निजलेली अंडी... वर साईसारखा पातळ पापुद्रा धरलेला असे. त्यात बोट घातलं की तो आवाज न करता तडके, आणि दिवाळीला भिंतींना चुना दिल्यावर घरभर जो गार, कोरडा वास पसरतो, तोच वास बोटाला चिकटून राही. दिवसभर मी ते बोट हुंगत हिंडायची. आज अंडी मोबाइलवरून मागवली जातात, पुठ्ठ्याच्या खळग्यांत बसून दारात येतात. त्यांना कसलाच वास नसतो.

आमचं घर पुण्याजवळ मांजरी गावात होतं, उसाच्या वावराला लागून. मागच्या परसात शेवग्याच्या झाडाखाली दगडमातीचं खुराडं, आणि त्यात आईच्या वीस-बावीस गावठी कोंबड्या. त्या आईच्याच होत्या. वडिलांचा त्यांच्याशी संबंध ताटात वाढलं तर तेवढाच. वर्षभर अंडी घरात पुरत आणि उरलेली शहरात जात. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांकडे आई दर गुरुवारी डझनभर देई. डॉक्टरांनी त्यांना अंडी खायला सांगितली होती आणि शेजाऱ्यांना ते कळू द्यायचं नव्हतं. "आपण जिन्यात अंडी म्हणू नका हो, बटाटे म्हणा," असं त्यांनी आईला बजावून ठेवलं होतं. मात्र श्रावण लागला की मास्तर दारातूनच सांगत, "आता गणपती जाईपर्यंत आमचे बटाटे बंद."

बटाटे सगळ्यांचेच बंद होत. आमच्याही घरात श्रावणात अंडं शिवत नसत. पण कोंबड्यांना श्रावण कोण सांगणार? त्या आपल्या शहाण्यासारख्या रोज अंडी घालत, आणि आई ती गोळा करून निवळीत सोडत जाई. कळीचा चुना मडक्यात विरवायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी बरणीत ओतायचं, आणि ताजं, न धुतलेलं, तडा नसलेलं अंडं अलगद आत ठेवायचं. महिना-दीड महिना तशी अंडी टिकत. "ह्या चुन्यानं अंड्याचा जीव कोंडतो," आई सांगायची. "खायाला चालतं, पर कोंबडीखाली ठिवायचं न्हाई कदी. त्यातनं पिल्लू निघत न्हाई." हे मला सातव्या-आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. पुढे जे घडलं ते अजाणतेपणी घडलं, असं म्हणायची सोय म्हणूनच मला नाही.

मी नऊ वर्षांची असताना रंजी आमच्याकडे आली. रंजी म्हणजे माझ्या मामाची मुलगी, माझ्याच वयाची. मामी वारली, मामाला घरचं काही सुधरेना, म्हणून आईने तिला एका पिशवीतल्या कपड्यांसकट घरी आणलं. मला सांगण्यात आलं की ही आता तुझी बहीण. मी कुठल्याही बहिणीसाठी अर्ज केलेला नव्हता.

पहिले आठ दिवस ती बोललीच नाही. परसात शेवग्याखाली बसून राहायची, आणि कोंबड्या... आता काय सांगू, त्या मेल्या कोंबड्या तिच्या भोवती येऊन बसायच्या. मी जन्मल्यापासून त्यांना दाणे टाकत होते. मला पाहिलं की पंख फडफडवत पळायच्या, पायाला चोच मारायच्या. हिने नुसता हात पुढे केला की मान खाली घालून गप्प. कुठली कोंबडी आज अंडं देणार हे आई बोटाने चाचपून ओळखायची. रंजीने ते महिन्याभरात उचललं. काखेत कोंबडी धरून ती सांगायची, "आत्या, ही आज देनार. ती न्हाई," आणि दुपारपर्यंत तसंच होई. आई तिच्याकडे बघत राहायची. तसं तिने माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नव्हतं. शेजारणींना ती सांगे, "पोरीच्या हाताला गुन हाय बगा."

हातगुण! तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी वर्गात पहिली यायची, पाढे घडाघडा म्हणायची, माझं अक्षर मोत्यासारखं होतं. पण मोत्यासारखं अक्षर परसात काय कामाचं? आई रंजीची वेणी आधी घालायची, कारण "तिला आई न्हाई." रंजीला भाकरीचा पापुद्रा मिळायचा, कारण तिला आई न्हाई. मला आई होती हा जणू माझाच गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा म्हणून ती आई थोडी थोडी करून दुसरीला दिली जात होती.

त्या वर्षी श्रावण सरता सरता तांबडी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी घालायचं सोडून पिसं फुलवून एका जागी बसून राहायची, जवळ गेलं की गुरगुरायची. अशी कोंबडी अंड्यांवर बसवली की एकवीस दिवसांत पिल्लं निघतात. अंडी नेहमी विषम घ्यायची – अकरा किंवा तेरा – टोपलीत भुसा घालायचा, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून खाली लोखंडी खिळा ठेवायचा, आणि ज्याच्या हाताने बसवायची त्याच्याच हाताने रोज तिला दाणापाणी द्यायचं. दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. आईने मला आदल्या उन्हाळ्यातच कबूल केलं होतं, "औंदा कोंबडी तू बसीव." मी मनात केव्हाची ती तेरा पिल्लं मोजून ठेवली होती, नावंसुद्धा.

गणपती विसर्जन झाल्यावरच्या रविवारी आई भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "शोभे, तांबडीला रंजीच्या हातनं बसवू. तुज्याकडनं पुढच्या वर्षी."

"मला सांगितलं होतंस तू."

"तुला चोच मारती ती. आन ह्या पोरीला जरा जीव लागंल कशात तरी. तुला काय कमी हाय?"

मी उठून परसात गेले.

माजघरात टोपलीत भुशावर तेरा निवडक अंडी मांडून ठेवलेली होती, दिवस मावळताना तांबडीखाली ठेवायची म्हणून. दुपारी सगळे उसाच्या बांधावर गेले. मी बरणीचं झाकण काढलं. निवळीतून एक एक करत तेरा अंडी काढली, फडक्याने पुसली; पांढुरका खरखरीतपणा जाईना, तेव्हा चुलीतली राख चोळली. मग ती टोपलीत मांडली आणि टोपलीतली ताजी तेरा निवळीत सोडली. काम नीट जमल्याचं समाधानच वाटलं. चुन्याने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्या दोन दिवस झोंबत राहिल्या एवढंच.

संध्याकाळी रंजीने डोक्यावरून ओढणी घेतली, हात धुतले, आणि देवघरातली वस्तू उचलावी तशी एक एक अंडं उचलून तांबडीसाठी मांडलेल्या दुसऱ्या टोपलीत ठेवलं. तिसऱ्या अंड्याला ती थबकली.

"आत्या, गार लागत्यात ही."

"पावसाळी हवा हाय, गार लागायचीच. ठेव तू."

तिने ठेवली. तांबडी वर बसली, पोटाखाली सगळी ओढून घेतली आणि डोळे अर्धे मिटले. रंजी हसली. आमच्या घरी आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते हसूही खुपलं.

नवरात्र बसायच्या आत बरणी रिकामी करायची म्हणून आईने पुढच्या आठवड्यात दोनदा अंड्याचं कालवण केलं. काळ्या मसाल्याचा तवंग, खोबऱ्याचं वाटण, आणि त्यात रंजीची पिल्लं. मी दोन अंडी खाल्ली आणि तिसरं मागून घेतलं.

रंजी रोज शाळेतून आली की दप्तरासकट परसात धावायची. दाणे, पाणी, आणि मग टोपलीशेजारी मांडी घालून बसायचं. कॅलेंडरवर कोळशाने रेघा मारायची. एकविसाव्या दिवशी ती शाळेत गेली नाही. बाविसाव्या दिवशी अंड्याला कान लावून बसली. आई म्हणाली, येखादा दिवस इकडंतिकडं हुतं. पंचविसाव्या दिवशी तांबडी वाळून अर्धी झाली होती, तरी उठत नव्हती, तेव्हा आईने तिला उचलून बाजूला केलं आणि एक अंडं दगडावर फोडलं. वास परसभर पसरला. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं... तेरावं फोडेपर्यंत रंजी तिथेच उभी होती.

माझी काकी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, धुणं वाळत घालत होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "जिला आईच लाभली न्हाई, तिच्या हातानं काय लाभनार?"

आई तिच्या अंगावर अशी धावून गेली की काकीच्या हातातलं पातळ चिखलात पडलं. मग आईने रंजीला पोटाशी धरलं आणि तिथेच, त्या घाण वासात, मटकन खाली बसली. मी दारात उभी होते. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईचे दोन्ही हात रंजीभोवती होते, आणि मला वाटलं, सांगितलं तर हे हात उरलेसुरलेही आपल्याला मिळायचे नाहीत.

त्या दिवसापासून रंजी आईजवळ झोपू लागली. माझी जागा भिंतीकडे सरकली. तिचा हातगुण घालवायला निघाले आणि होती ती आईही हातची घालवून बसले. करायला गेले गणपती, झाला मारुती, तो असा. रंजीने मात्र पुन्हा कोंबडीला हात लावला नाही. आई बोलवायची, "ये गं, बग ही देनार का आज." रंजी मान हलवून आत जायची. पुढे रोगाची साथ आली, कोंबड्या गेल्या. मग रस्ता आला, ऊस गेला, वावरं गेली. आम्हा दोघींची लग्नं झाली, आणि सात वर्षांपूर्वी आईही गेली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या मुलीचं बारसं होतं, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, मांजरीतच. रंजी फुरसुंगीहून आली होती. केस पांढरे, अंगावर जांभळी पैठणी, पायात अजून तीच घाईची चाल. पाळण्याखालून-वरून बाळ या हातातून त्या हातात द्यायची वेळ आली. मी म्हटलं, "रंजे, तू ये समोर. तू घे बाळाला."

ती दोन पावलं मागे सरली. "मी नको. माझ्या हाताला गुण न्हाई."

बायका हसल्या. त्यांना वाटलं थट्टा आहे. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, माझी दोन्ही पोरंसुद्धा मी आधी जावेच्या हातात दिली. सव्वा महिना तीच करायची सगळं. मी नुसती पाजायला घ्यायचे."

ती मुलं आज तिशीला आलीत. मी बाळ मुलीकडे दिलं, रंजीला हॉलच्या मागच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. बरणी, राख, कालवण, सगळं. सांगताना मी पन्नाशी उलटलेली बाई नव्हते.

ती खुर्चीवर बसली. बाहेर कुणीतरी पेढे वाटत होतं.

"तेराच्या तेरा?" तिने विचारलं.

"तेराच्या तेरा."

"आत्याला ठाऊक होतं?"

"नाही."

तिने लांब श्वास सोडला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग मलाही सांगायला नको होतंस गं. त्या दिवशी आत्यानं मला पोटाशी धरलं ना... मला वाटायचं, गुण गेला, पण आई मिळाली. एकीकडचं गेलं, एकीकडचं आलं, हिशेब मिटला. आता तू म्हणतेस, गेलंच नव्हतं काही. मग पोरांना लांब ठेवलं ते कशासाठी?"

मला अपराधी वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी – अगदी आधी – ती जुनी कळ उठली. आई मिळाली, म्हणाली ती. माझी आई. इतकी वर्षं झाली, आई जाऊनही सहा वर्षं झाली, समोर मी जिचं आयुष्य नासवलं ती बसली आहे, आणि मी तिचा हेवा करते आहे.

निघताना मी बाळ घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. बाळाच्या तोंडाजवळ वाकली, जावळाचा वास घेतला. मग हात पाठीमागे बांधून म्हणाली, "सव्वा महिना होऊ दे. मग घेते."

सव्वा महिना केव्हाच उलटला. बाळ आता भिंतीला धरून उभं राहतं. मी अधूनमधून फोन करते. रंजी गोड बोलते, बाळाची चौकशी करते, "येते की गं," म्हणते. ती अजून आलेली नाही.